अंबादास, आडनाव वगळून

नागपुरात १९२४ साली वासुदेव गायतोंडे जन्मले. अकोल्यात १९२२ साली अंबादास खोब्रागडे जन्मले. दोघंही मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधे शिकले. गायतोंडे १९४८ ला पदविका घेऊन बाहेर पडले, अंबादास १९५२ ला. दोघंही पुढं माणूस, झाड, घर, बैल असलं काही न काढता नुसत्या रंगाचं चित्र काढायला लागले आणि शेवटपर्यंत त्यातच राहिले. भारतीय चित्रकलेच्या पुस्तकात दोघांचीही नावं येतात. आता फरक पाहा. पहिल्याला सगळं जग आडनावानं ओळखतं. वासुदेव म्हटलं तर कुणाला उमगणार नाही. दुसऱ्याला सगळं जग नुसत्या नावानं ओळखतं. खोब्रागडे म्हटलं तर चित्रकारांच्या दुनियेतला माणूस विचारील, कोण खोब्रागडे?

आपल्याकडं गोष्ट उलटी आहे. आपल्या वस्तीत अंबादास पायलीला पन्नास. पण खोब्रागडे म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे हे नाव रिपब्लिकन चळवळीत कोणाला ठाऊक नाही? १९६९ ते १९७२ ते राज्यसभेचे उपसभापती होते. दिल्लीच्या एका इमारतीत हे आडनाव खुर्चीवर बसलं होतं. त्याच दिल्लीच्या चित्रदालनात, भिंतीवर, ते लिहिलेलं नव्हतं. राजकारणाला आडनाव लागत होतं. रंगाला लागत नव्हतं, की चालत नव्हतं?

मित्रांनो, हा प्रश्न मी चित्रकारावर खटला भरायला काढलेला नाही. माणसानं आडनाव का टाकलं याची चौकशी करणं हे पोलिसाचं काम, समीक्षकाचं नाही. स्वामीनाथन, गायतोंडे, रझा, हुसेन, सगळे एकेका शब्दानं ओळखले जातात. चित्रकारांची ती रीतच आहे. पण रीत सगळ्यांना सारखी लागू होते असं आपल्या अनुभवात कधी झालंय? म्हणून चित्रकाराला नाही तर चित्रांना विचारायचं, आणि ज्यांनी ती चित्रं पाहून लिहिलं त्यांना विचारायचं. आणि मग स्वतःला, की हा माणूस आपल्या कोणत्याच यादीत काहून नाही? वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा निघाला. तोवर तुम्ही-आम्ही सगळे अकोलेच. म्हणजे हा माणूस आपल्या जिल्ह्याचा. आपल्या पोट्ट्यांना नामदेव ढसाळ पाठ आहेत, चांगलंच आहे. अंबादास कोणालाच माहीत नाहीत.

आधी हकीकत थोडक्यात. जे. जे. नंतर अंबादास यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. ही केंद्रं पुपुल जयकर यांच्या पुढाकारानं १९५६ पासून निघाली. हातमागाच्या कापडाला नवे नमुने द्यायला सरकारनं चित्रकार पगारावर ठेवले होते. प्रभाकर बरवे, के. जी. सुब्रमण्यन, जेराम पटेल असे कितीतरी नामांकित लोक या केंद्रांतून गेले. नमुना काढणाऱ्याचं नाव आपल्याला आज सांगता येतं, मागावर बसलेल्याचं येत नाही. हे जाता जाता.

मग १९६२ चा ऑगस्ट. भावनगरला जयंत पंड्या यांच्या घरी काही तरुण चित्रकार जमले. घराचा नंबर १८९०, तोच गटाचा नंबर झाला. ग्रुप १८९०. बारा जण. जगदीश स्वामीनाथन हे त्यांचं डोकं आणि तोंड. जेराम पटेल, हिम्मत शाह, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, राघव कनेरिया, राजेश मेहरा, रेड्डप्पा नायडू, एरिक बोवेन, बाळकृष्ण पटेल, एस. जी. निकम. आणि अंबादास. ही यादी सावकाश वाचा. पटेल, शाह, भट्ट, शेख, मेहरा, नायडू. (स्वामीनाथन तमिळ, तिकडं बापाचं नाव आद्याक्षरात जातं आणि स्वतःचं नाव तेवढं उरतं.) आपल्या मुलखातले दोन, निकम आणि अंबादास. त्यातही निकमांचं आडनाव आहे.

ऑक्टोबर १९६३ ला दिल्लीत ललित कला अकादमीच्या रवींद्र भवनात या गटाचं प्रदर्शन झालं. उद्‌घाटनाला पंतप्रधान नेहरू. कॅटलॉगला प्रस्तावना ऑक्टाव्हिओ पाझ यांची, हा मोठा कवी तेव्हा मेक्सिकोचा राजदूत म्हणून दिल्लीत होता. गटाचा जाहीरनामा स्वामीनाथन यांनी लिहिला होता. राजा रविवर्म्याची गुळगुळीत देवदेवता नको, बंगालवाल्यांचं हळवं खेडं नको, आणि युरोपची उष्टी आधुनिकताही नको, असा एकूण सूर. चित्र कशाची नक्कल नाही, ते स्वतःच एक वस्तू आहे. प्रदर्शन एकच झालं. गट तिथंच संपला. आपल्या पक्षांपेक्षा बरे, फुटायच्या आधीच मिटले.

आता याच १९६३ साली मराठीत काय झालं? बाबूराव बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. रेल्वेत कामाला लागलेला तरुण, जात लपवून राहतो, कवितेवर बोलतो, लोक त्याला मान देतात. जात कळते आणि मार बसतो. एका वर्षात या दोन गोष्टी. इकडं मराठी कथा पहिल्यांदा मोठ्यानं सांगते की नाव लपवलं तर काय होतं आणि उघडं पडलं तर काय होतं. तिकडं दिल्लीत पंतप्रधानासमोर अकोल्याचा माणूस नुसत्या नावानं उभा आहे आणि त्याच्या चित्रात सांगण्यासारखी गोष्टच नाही. माणूस नाही, वस्ती नाही, मार नाही. मी या दोन गोष्टी शेजारी ठेवतो, एकीनं दुसरीला मारत नाही. बागूलांची वाट आपण सगळ्यांनी धरली. दुसऱ्या वाटेवर एकटा माणूस चालत गेला आणि आपण मागं वळूनही पाहिलं नाही.

आमच्या अभ्यास मंडळात मी अंबादास यांची चित्रं दाखवली, मोबाइलवरच, दुसरीकडं कुठं पाहणार? एक जण म्हणाला, “काहून बाप्पा, हे उलटं धरलं का सुलटं? आपल्या लोकाईले याचा काय फायदा?” दुसरा जास्त शिकलेला. तो म्हणाला, हे भांडवलदाराच्या दिवाणखान्याचं काम आहे, शोषिताच्या कलेत शोषण दिसलं पाहिजे. दोघांच्याही बोलण्यात दम आहे. चित्राची किंमत लावणारे लोक कोण आहेत ते आपल्याला माहीत आहे. गायतोंडे यांचं एक चित्र २०१३ ला मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाखाला गेलं, दुसरं २०२१ ला जवळपास ४० कोटीला. या पैशात अख्खी सूतगिरणी उभी राहील. अंबादास यांची चित्रं या आकड्यांच्या वाऱ्यालाही उभी नाहीत, पण विकली जातात ती त्याच दुकानात.

तरी मी दुसऱ्या मित्राला एक विचारतो. ‘अमूर्त’ या शब्दाकडं तू कधी नीट पाहिलंस का? अमूर्त म्हणजे मूर्ती नसलेलं. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या आजा-आजीनं देव्हाऱ्यातल्या मूर्ती उचलल्या आणि नदीनाल्यात सोडल्या. देव्हारा कोरा झाला. त्या कोऱ्या जागेला घाबरून ते घरात बसले नाहीत. मूर्ती गेल्यावर काय उरतं हे ज्या लोकांनी घरात अनुभवलंय, त्यांनीच मूर्ती नसलेल्या चित्राला परकं म्हणायचं?

आणि मागं जायचं तर सांची, भारहूतला चला. तिथं बुद्ध आहे पण बुद्धाची आकृती नाही. रिकामं आसन आहे, पावलं आहेत, चक्र आहे, बोधिवृक्ष आहे. अजिंठ्याच्या ९ आणि १० नंबरच्या जुन्या लेण्यात मधोमध स्तूप आहे, नुसता गोल घुमट. पुढं शेकडो वर्षांनी वाकाटकांच्या काळात तिथं माणसांची, राजवाड्यांची, झुंबड उडालेली चित्रं आली. ते वाकाटक कुठले? आपल्या वाशिमचे. वत्सगुल्म म्हणजे वाशिम. हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव यानं १६ नंबरचं लेणं दान दिलं, तसा शिलालेख आहे. राजाचं आणि अमात्याचं नाव दगडावर आहे. रंग घोटणाऱ्याचं नाही. वाशिमचा चित्रकलेशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर एवढं सांगता येतं. मुद्दा असा की आकृती असलेली आणि नसलेली, दोन्ही चित्रं आपल्या वारशात आहेत. पहिली आहे ती नसलेली.

आता चित्रं.

अंबादास यांच्या साठच्या दशकातल्या कॅनव्हासवर पाहायला वस्तू नसते, फटकारा असतो. जाड, लांब, वळणारा. एक फटकारा येतो, दुसऱ्याच्या अंगावर चढतो, तिसरा त्याच्या खालून निसटतो. रंग बहुतेक मातकट, गढूळ, तांबूस, कुठं निळा-हिरवा आतून वर येणारा. आणि प्रत्येक फटकाऱ्याच्या पोटात बारीक रेघा असतात, फणी फिरवल्यासारख्या. रंग सपाट बसलेला नाही, तो जाताना फाटत गेलेला आहे. पाण्यावर रॉकेल सांडलं आणि काडीनं ओढलं की कसे पदर होतात, तसं.

याला कॅटलॉगवाले लाव्हा म्हणतात. विश्वाची ऊर्जा म्हणतात, निसर्गाचं आदिम रूप म्हणतात. मी लाव्हा पाहिलेला नाही, लिहिणाऱ्यांनी तरी कुठं पाहिला असेल. मला पहिल्यांदा जे दिसलं ते सारवण. शेणाची सारवलेली जमीन. बाई उकिडवी बसते, हाताचा कोयता करून अर्धा गोल ओढते, मग दुसरा, मग मागं सरकते. वाळल्यावर त्या प्रत्येक अर्ध्या गोलात चार बोटांच्या रेघा राहतात. जमीन सपाट झाली तरी हात किती लांब पोचला, कुठं थकला, कुठं परत शेण घेतलं, सगळं जमिनीवर लिहिलेलं असतं. अंबादास यांनी सारवण काढलं असं मी म्हणत नाही. त्यांनी काहीच ‘काढलं’ नाही, तोच तर त्यांचा हट्ट. पण लाव्हा दिसणाऱ्याला लाव्हा दिसायचा हक्क आहे तर मला सारवण दिसायचा आहे. लाव्हा आपोआप वाहतो. सारवणाला हात लागतो. लाव्हा म्हटलं की चित्रातून काम करणारा माणूस नाहीसा होतो आणि निसर्ग उरतो. आपल्या लोकांच्या कामाला निसर्ग म्हणायची ही खोड जुनी आहे. गावातली घाण आपोआप जात होती, मेलेलं ढोर आपोआप उचललं जात होतं.

इथं गायतोंडे यांच्याशी तुलना केल्याशिवाय बात पुढं जात नाही. गायतोंडे मोठे चित्रकार, यात वाद नाही. पन्नासच्या दशकात त्यांच्या चित्रात आकृत्या होत्या, पॉल क्लेची छाया होती. १९५७ ला टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. साठीच्या आसपास आकृती विरघळली, आडवे पट्टे, धुकं, पाण्याच्या कडेसारखं काही उरलं. १९६४ ला रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. पुढं त्यांनी कुंचला जवळजवळ बाजूला ठेवला. रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रूळ आणि सुरी. रंग लावायचा, उचलायचा, परत लावायचा, थरावर थर. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रं. नंतरच्या चित्रात न वाचता येणाऱ्या अक्षरांसारख्या खुणा येतात. २००१ ला दिल्लीत वारले, २०१४ ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं.

रूळ आणि सुरी. मी हे वाचलं तेव्हा हसलो, कारण जिनिंगमधे माझ्यापुढं आठ तास हीच दोन हत्यारं असतात. डबल रोलर जिनचा रूळ चामड्याच्या चकत्या गच्च आवळून केलेला असतो. त्याला खेटून पोलादी सुरी. कापूस रुळाला धरून सुरीखालून ओढला जातो, सरकी तिथंच अडते आणि खाली पडते. पुढं निघते ती रुई, पांढरी, एकसारखी, हलकी. बाजार रुईला भाव देतो. गायतोंडे यांचं चित्र अशी रुई आहे. हात कुठून फिरला, कुठं जोर दिला, ते त्यांनी रुळाखालून काढून घेतलंय. पाहणाऱ्यापुढं उजेड उरतो, शांतता उरते. ती शांतता खरी आहे आणि तिच्यामागं कष्टही खरे आहेत. पण कष्टाची खूण पुसणं हा तिथं सौंदर्याचा नियम आहे.

अंबादास यांनी सरकी काढली नाही. बोंडातून निघालेला कापूस, सरकीसकट, पाला-काडीसकट. कुंचला कुठं टेकला, कुठं घसरला, रंग कुठं संपत आला, सगळं तसंच ठेवलं. दोन्ही चित्रं अमूर्त. एका अमूर्तात हात लपलेला, दुसऱ्यात हात सोडून दुसरं काही नाही. मला विचाराल तर दलित चित्राचा विचार इथून सुरू व्हावा. चित्रात झाडू आहे का, गळ्यात मडकं आहे का, हे नंतर. काम करणारा हात चित्रात ठेवला की पुसला, हे आधी.

हे म्हणताना नागपूरच्या सवी सावरकरांचं काम मी खाली ढकलत नाही. त्यांच्या चित्रातला गळ्यात मडकं बांधलेला माणूस, त्यांची देवदासी, हे व्हायलाच हवं होतं. ते कुणीतरी काढल्याशिवाय भारतीय चित्रकलेचं तोंड उघडं पडत नव्हतं. पण ते एकच काढायचं असा हुकूम निघाला तर तो हुकूम कोणाचा? वरच्या लोकांना आपल्याकडून जखमच हवी असते. जखम दाखवली की ते हळहळतात, टाळ्या वाजवतात, बक्षीस देतात. आपला कवी शृंगारावर लिहितो तेव्हा तो त्यांना भरकटलेला वाटतो, आणि आता तर आपल्यालाही वाटतो. वेठबिगारी नुसत्या शेतात नसते. विषय नेमून देणं हीसुद्धा वेठ आहे. अंबादास यांनी ही वेठ कुणाचीच केली नाही. गांधीवाल्यांच्या दयेचं चित्र त्यांनी काढलं नाही, प्रचाराचं काढलं नाही, देवाधर्माचं काढलं नाही. रंगाला कुणाची गोष्ट सांगायला लावली नाही.

त्यांच्या शैलीचा प्रवास मात्र गायतोंडे यांच्यासारखा टप्प्याटप्प्याचा नाही. इथं मला थोडं कडू बोलायचं आहे. साठच्या दशकात जो फटकारा सापडला तो त्यांनी चाळीस वर्षं सोडला नाही. जेराम पटेल ज्वालेनं लाकूड जाळून काळं करत होते, हिम्मत शाह कागद जाळत होते, पुढं मातीकडं गेले. अंबादास आपल्या फटकाऱ्यातच. बदल झाला तो जागेत. आधी कॅनव्हास गच्च भरलेला, श्वास घ्यायला फट नाही, फटकारे एकमेकांत गुंतून गाठ झालेले. नंतर गाठ सुटते. मागची जमीन मोकळी दिसायला लागते, पांढुरकी, फिकट. फटकारे तुटून तुकडे होतात, तरंगतात, रंग उघडे होतात, पिवळा, तांबडा, निळा. जलरंगात तर ते इतके हलके होतात की फुंकर मारली तर उडतील.

नॉर्वेला गेले, बर्फ पाहिला, म्हणून चित्र उजळलं, असं म्हणणं सोपं आहे आणि म्हणूनच मला पटत नाही. माती सोडून गेलेल्या माणसाच्या चित्रातून मातकट रंग जातो हेही तितकंच सोपं. मला दिसतं ते एवढंच की आधीच्या चित्रात फटकाऱ्याला जागेसाठी भांडावं लागत होतं. नंतर भांडण उरलं नाही. काही चित्रांत त्यामुळं मोकळेपणा आला, खरोखरचा, आपल्या वाट्याला क्वचित येणारा. पण काहींत नुसती सवय उरली. हात वळतो कारण त्याला वळायची सवय आहे. अशी चित्रं पडद्याच्या कापडासारखी गोड दिसतात. अंबादास यांचं मोठेपण साठच्या दशकातल्या त्या गच्च, गढूळ चित्रांत आहे, हे माझं मत आहे. कुणी मूळ कॅनव्हाससमोर उभं राहून ते खोडून काढलं तर मी ऐकेन. चार बोटांच्या काचेवर रंगाची जाडी कळत नाही, आणि या चित्रात जाडी म्हणजेच सगळं.

आता १९७२. त्या मे महिन्यात मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच वर्षी ‘गोलपिठा’ आलं. आणि त्याच वर्षी अंबादास भारत सोडून ओस्लोला राहायला गेले. (बारांपैकी एरिक बोवेनही पुढं नॉर्वेचेच झाले.) मे २०१२ मधे, नव्वदीच्या घरात, अंबादास ओस्लोतच वारले. आमच्या मंडळातला एक जण हे ऐकून पटकन बोलला, “म्हणजे ऐन लढाईत पळाला.” हा शब्द मला लागला. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना खेडं सोडा म्हणून सांगितलं होतं. गावकूस ओलांडणं हा गुन्हा कधीपासून झाला? अकोल्याहून मुंबई, मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून ओस्लो, प्रत्येक ठिकाणी आडनाव विचारणारा एकेक माणूस कमी होत जातो. ओस्लोत तर कुणीच नाही. तिथं अंबादास हे नुसतं एक परदेशी नाव आहे.

पण खरं बोलायचं तर हेही लिहिलं पाहिजे की बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, लंडनला गेले आणि परत आले. अंबादास यांची चित्रं प्रदर्शनाला येत राहिली, ते राहायला आले नाहीत. ज्या १९७२ नं आपल्या भाषेचे हात-पाय मोकळे केले ते त्यांच्या चित्रात मला कुठं दिसत नाही, आणि त्यांची चित्रं आपल्या त्या सगळ्या उलथापालथीत कुठं दिसत नाहीत. दोन्हीकडचं नुकसान झालं. पँथरच्या कवितेत जो फटकारा होता, शब्दावर शब्द चढवत, घाण-सुगंध एकात एक कालवत जाणारा, तो रंगात आधीच कुणीतरी काढून ठेवला होता. त्या कवींना तो कुणी दाखवला नाही. मराठीत कलासमीक्षा लिहिणारे होते ना. मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रावर पानंच्या पानं खरडणारे होते. लय, संवाद, विरोध, समतोल, सगळं त्यांना पाठ होतं. अकोल्याच्या पोराचा कॅनव्हास उचलून आपल्या वस्तीपर्यंत आणायची लय त्यांच्याकडं नव्हती. आपल्या समीक्षेनंही शब्दाचंच पाहिलं. दलित साहित्याचं सौंदर्यशास्त्र आपण उभं केलं, १९५८ च्या मुंबईच्या संमेलनापासून त्याची चर्चा आहे. दलित चित्राचं काय, दलित रंगाचं काय, यावर पाच-पंचवीस माणसं सोडली तर शुकशुकाट.

नावाचं एक राहिलं. अंबादास म्हणजे अंबेचा दास. आडनाव सुटलं आणि दास राहिला, याची गंमत वाटते खरी, पण नाव बापानं ठेवलेलं असतं. प्रश्न असा की ज्या नावानं तो माणूस जगला ते सोडून आपण त्याला आडनाव चिकटवावं का? मी यावर बराच विचार केला. चित्राखाली ‘अंबादास’ एवढंच राहू द्या, ती त्यांची निवड. पण आपल्या इतिहासात पूर्ण नाव यायला हवं, कारण तिथं ते नाव एकट्याचं नाही. अकोल्यातल्या १९२२ च्या एका घरातून पोरगं जे. जे. पर्यंत कसं पोचलं, ही एका माणसाची हकीकत नाही. त्या काळात फळ्याला हात लावू न देणाऱ्या शाळा होत्या. त्यातून कुणीतरी कुंचला धरला. तो कुंचला पहिल्यांदा कुणी दिला, कागद कुठून आला, घरचे काय म्हणाले, हे कोणत्याही कॅटलॉगमधे मी वाचलेलं नाही. तिथं ‘जन्म अकोला’ एवढे दोन शब्द असतात आणि पुढच्या ओळीत थेट मुंबई.

अकोल्याच्या मित्रांनी हे काम घ्यावं. त्या दोन शब्दांच्या मधली वर्षं गोळा करावी. शाळांचे दाखल्याचे जुने रजिस्टर असतात, वस्तीत नव्वदी गाठलेली माणसं अजून आहेत, त्यांना ऐकू कमी येतं पण आठवतं बरंच. वाशिम, कारंजा, मंगरूळच्या पोरांनी सुट्टीच्या दिवशी जावं, मी येतो, माझी सुट्टी गुरुवारी असते. आणि दिल्ली-मुंबईत शिकायला असलेल्या आपल्या पोरापोरींनी एक करावं. सरकारी संग्रहात त्यांचं चित्र लागलेलं असेल तेव्हा जाऊन समोर उभं राहावं, फोटो काढायच्या आधी जवळून पाहावं, रंग किती जाड आहे, रेघ कुठं तुटते, फटकारा डावीकडून सुरू होतो की उजवीकडून, आणि ते आम्हाला कळवावं. पोस्टकार्डावर मावेल एवढं लिहिलं तरी छापू.